मानार्थ पासचे साडेसोळाशे रुपये

अंधेरीच्या स्टेडियमला फुटबॉल बघायला जाणं आता परवडत नाही, असं कोणी म्हणालं की मी आधी विचारते, तिकीट कोणाकडून घेतलंत? मॅच महाग झाली असेलही, पण मॅचला घेऊन जाणारे तिच्याहून कितीतरी महाग झालेत. हे मी हवेत बोलत नाही. माझ्याकडे यूपीआयच्या नोंदी आहेत, फोटो आहेत आणि एका माणसाचा दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज आहे, तो मी अजून पुसलेला नाही.

आम्ही मुलुंड पूर्वेचे. मुलगा फुटबॉल शिकायला जातो. ॲकॅडमीचं नाव लिहीत नाही. आमच्या भागातल्या पालकांना ते कळेलच आणि बाकीच्यांना आपापल्या गल्लीतली आठवेल. तिथले जे ‘कोऑर्डिनेटर सर’ आहेत, ते शिकवत काहीच नाहीत. फी गोळा करणं, टी-शर्ट विकणं आणि ग्रुपवर सुविचार टाकणं हे त्यांचं काम. 2024 च्या दिवाळीआधी त्यांनी पोस्टर टाकलं: मुंबई सिटी विरुद्ध केरला ब्लास्टर्स, 3 नोव्हेंबर, अंधेरी. तिकीट, बसचा जाऊन-येऊन प्रवास, जर्सी आणि स्नॅक बॉक्स मिळून माणशी 1,650 रुपये. मोजक्याच जागा शिल्लक. त्या मोजक्या जागा पुढचे आठ-दहा दिवस मोजक्याच राहिल्या.

आम्ही तिघं होतो, मुलगा, माझे बाबा आणि मी. म्हणजे 4,950. मी तेव्हाच विचारलं होतं, आणि तो मेसेज अजून ग्रुपवर आहे, की तिकीट किती, बस किती, जर्सी किती, जरा फोड करून सांगा. उत्तर आलं, ‘मॅडम, पॅकेज आहे, सुटं करता येत नाही. आणि जीएसटीच 28 टक्के जातो.’ मी सहकारी बँकेत काउंटरवर बसते. म्हटलं, मग जीएसटी क्रमांकासकट बिल द्या. त्यावर एक हसरा चेहरा आला. बसबद्दल विचारलं तर म्हणाले, रविवार आहे, मेगाब्लॉक असतो. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक दुपारी उरकतो हे मुलुंडच्या शाळकरी पोराला माहीत आहे, मॅच तर संध्याकाळी साडेसातची होती. तिकिटं आधी फोनवर पाठवा म्हटलं तर, ‘हरवतात मॅडम, लहान मुलं असतात, माझ्याकडेच राहू द्या.’ पुढे खास माझ्यासाठी, ‘तुम्हाला फुटबॉल तेवढं माहीत नसेल, पण मुलांना एक्सपोजर लागतं.’

हे वाक्य मला अजून टोचतं. माझे बाबा परळच्या वर्कशॉपमध्ये होते आणि रोव्हर्स कपच्या दिवसांत आम्हा भावंडांना कूपरेजला न्यायचे. ईस्ट बंगाल, मोहन बागान, साळगावकर, महिंद्र हे संघ मी त्या बाकांवर बसून पाहिलेत. तिकीट बाबांच्या सदऱ्याच्या खिशातल्या चिल्लरीत यायचं, खाऊ घरून यायचा आणि ऑफसाइड मला दहाव्या वर्षी कळत होता. नॅशनल लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड 2010 मध्ये बंद झाला, मुंबई एफसी 2017 नंतर दिसला नाही, हे मला कोणी पोस्टर टाकून सांगायला लागत नाही.

पैसे भरले, कारण मुलाचे सगळे मित्र जाणार होते. पालकांना नेमकं इथेच धरतात.

तो दिवस भाऊबिजेचा. ओवाळणी घाईत उरकली, भावाला अर्ध्या जेवणावर उठवलं आणि चार वाजता बसच्या जागी हजर झालो. बस पावणेसहाला निघाली. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर मेट्रोचं काम चालू, त्यात सणाची गर्दी. पवईला सात वाजले. बाबा खिडकीतून बघत शांतपणे म्हणाले, ‘घाटकोपरहून मेट्रोने गेलो असतो तर आत्ता चहा पीत असतो.’ खरंच होतं ते. मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो एकने आझाद नगर आणि पुढे थोडं चालणं. 2014 पासून ही सोय आहे आणि त्या मेट्रोचं जास्तीत जास्त भाडं 40 रुपये. बसवाल्याने वीरा देसाई रोडच्या तोंडाशी सोडलं तेव्हा आतून पहिला जल्लोष ऐकू आला. मुंबईच्या निकोस करेलिसचा गोल होता तो. मॅच 4-2 झाली. सहा गोलांतला एक आम्ही रस्त्यावर उभं राहून कानांनी पाहिला.

आणि मग गेट. सरांनी पाकिटातून पास काढून वाटले, पहिल्यांदाच हातात आले ते. रांगेत स्कॅनरवाल्या पोराने माझा पास उलटसुलट केला आणि म्हणाला, ‘मॅडम, ये कॉम्प्लिमेंटरी है, उधर के गेट से.’ मी खाली बघितलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलं होतं, मानार्थ, विक्रीसाठी नाही. बाबांचा पास बघितला, मुलाचा बघितला, पुढच्या दोन आयांचे बघितले. सगळे तसलेच. स्टेडियम भरावं, मुलांनी खेळ बघावा म्हणून शाळांना, ॲकॅडम्यांना असे पास वाटतात हे मी ऐकून होते. ते कोणी पॅकेजमध्ये घालून विकत असेल हे डोक्यात आलं नव्हतं, आणि का यावं?

मी सरांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फोन कानाला लावला. फोन वाजलेला नव्हता. फोन कानाला लावून ते त्या दुसऱ्या गेटकडे चालायला लागले आणि हाताने आम्हा सगळ्यांना ‘चला, चला’ अशी खूण करत राहिले. तिथेच थांबवून विचारलं तर म्हणाले, ‘मॅडम, मॅच सुरू झालीय, मुलांचा मूड घालवू नका.’ मुलांचा मूड! जवळजवळ दोन तास बसमध्ये उकडून निघालेली मुलं, आणि त्यांचा मूड मी घालवत होते.

आत गेल्यावर मी मॅच बघितली नाही असं नाही. मुंबईच्या छांगतेने शेवटी पेनल्टी मारली तेव्हा बाबाही उभे राहिले. पिवळ्या कपड्यांतले केरळवाले हरत असूनही थांबत नव्हते, ते बघून बरं वाटलं. पण डोक्यात हिशेब चालूच होता. तिकीट शून्य. जर्सी गेटबाहेर फुटपाथवर लटकलेलीच होती, तोच निळा रंग, तोच घामाने अंगाला चिकटणारा कपडा. तिथला भाव ऐकून पोटात गोळा आला. स्नॅक बॉक्स म्हणजे एक गार समोसा, वेफर्सची पुडी आणि ज्यूसचा खोका. आमचा थालीपिठाचा डबा आणि पाण्याची बाटली गेटवर ठेवून घेतली, तो सुरक्षेचा नियम, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘घरचं काही आत नेता येणार नाही’ हे आधी सांगायला काय झालं होतं? मुलांना तहान लागली. स्टॉलवर पाणी कागदी ग्लासात ओतून देत होते, म्हणजे बाटलीवरची छापील किंमत गिऱ्हाइकाच्या हातात येतच नाही. सीलबंद बाटली मागा. छापील किमतीच्या वर पैसे घेणं वैधमापनाच्या नियमांत बसत नाही, आणि हे एकदा मोठ्याने म्हटलं की बहुतेक वेळा बाटली निघते.

घरी आल्यावर रात्रीच मी पासचा फोटो ग्रुपवर टाकला. शिवी नाही, आरोप नाही, फक्त फोटो आणि खाली ‘कृपया खुलासा करावा’. चाळीसेक पालकांच्या ग्रुपमध्ये सन्नाटा. तीन आयांनी मला वेगळा मेसेज करून ‘बरं केलंस गं’ म्हटलं. ग्रुपवर एकीचंही अक्षर नाही. सकाळी सरांनी ग्रुप ‘फक्त ॲडमिन’ करून टाकला आणि मला तो व्हॉइस मेसेज पाठवला. त्यात ‘सर्व्हिस चार्ज’ हा शब्द पाचदा आहे, ‘तुमच्या मुलाचं भवितव्य’ दोनदा. डिसेंबरच्या स्पर्धेत माझा मुलगा राखीव खेळाडूंत बसला होता. योगायोग असेल.

2016 च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी काय केलं ते यानंतर मी मुद्दाम शोधून वाचलं. नव्या स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट 77 पौंडांचं करायचं ठरलं होतं. सुमारे दहा हजार लोक 77 व्या मिनिटाला उठून चालते झाले, संघ 2-0 ने पुढे असताना. मॅच 2-2 झाली आणि चार दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी प्रीमियर लीगने पाहुण्या प्रेक्षकांच्या तिकिटावर 30 पौंडांची मर्यादा घातली. आणि इथे चाळीस पालकांना एका मेसेजखाली अंगठा दाखवता आला नाही. मला सरांइतकाच त्यांचाही राग आहे, हेही लिहून टाकते.

अंधेरीच्या याच मैदानावर 1 जून 2018 ला भारताने चायनीज तैपेईला 5-0 हरवलं, कर्णधार सुनील छेत्रीची हॅटट्रिक झाली, तेव्हा स्टँडमध्ये 2,569 माणसं होती. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकून हात जोडले, शिव्या द्या पण मैदानात या. दोनच दिवसांनी केनियाविरुद्धच्या, त्याच्या शंभराव्या सामन्याला पावसातही स्टेडियम भरलं. खेळाडू हात जोडून बोलावतो, आणि मधला माणूस त्याच बोलावण्याचं पॅकेज करतो.

तर ज्यांना जायचंय त्यांनी जावं, पण स्वतः जावं. पैसे देण्याआधी पास फोनवर मागून घ्या. हरवण्याची काळजी आपली आपण करतो. कोणी जीएसटीचं कारण सांगितलं तर बिलावर त्यांचा जीएसटी क्रमांक मागा. 22 सप्टेंबर 2025 पासून आयपीएलसारख्या सामन्यांच्या तिकिटांवरचा कर 28 वरून 40 टक्के झाला आहे, त्यामुळे हे कारण आता आणखी मोठ्या आवाजात ऐकू येईल. ते सांगणाऱ्याने कर सरकारला भरला का, एवढाच प्रश्न आहे. पैसे कुणाच्या खासगी नंबरवर टाकू नका, संस्थेच्या खात्यात टाका.

ॲपवर घेतानाही डोळे उघडे ठेवा. पहिल्या पानावर एक आकडा आणि शेवटच्या पानावर दुसरा, न विचारता टोपलीत पडलेली देणगी किंवा विमा, ‘दोनच जागा उरल्या’ची खोटी घाई, या सगळ्याला केंद्रीय ग्राहक प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या क्लृप्त्या म्हटलं आहे, अशा 13 क्लृप्त्यांची यादीच आहे तिथे. सोयीच्या नावाखाली घेतलेल्या शुल्कावर पुन्हा 18 टक्के कर असतो, तोही माणशी जोडून बघा. चार जणांचं कुटुंब असेल तर फरक दिसतो.

खेळाडूच्या नावावर जादा पैसे मोजू नका. 6 नोव्हेंबर 2023 ला सौदीचा अल हिलाल संघ नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर आला तेव्हा ज्यांनी नेमारसाठी तिकिटं काढली, त्यांना नेमार दिसला नाही. ऑक्टोबरमध्येच त्याचा गुडघा गेला होता. तिकिटावर संघाचं नाव असतं, माणसाचं नसतं.

वीरा देसाई रोडवर आधी पोटभर खाऊन घ्या. मोठी बॅग नेऊ नका. मुलाचं वय सांगून सवलत आहे का ते आधी विचारा, गेटवर वाद घालू नका. 

आणि निव्वळ खेळ दाखवायचा असेल तर वांद्र्याचं नेव्हिल डिसुझा मैदान आहे, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणाऱ्या आपल्या मुंबईकराच्या नावाचं. जिल्हा लीगच्या मॅच बघायला आम्ही गेलो तेव्हा कोणी पास विचारला नाही, कोणी एक्सपोजरही विकलं नाही. बाबांना ते अंधेरीपेक्षा आवडलं. मुलाला नाही आवडलं, तिथे मोठा स्क्रीन नाही.

माझ्या पैशांचं काय झालं? 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक सरांना पाठवला. आठवड्याने 2,000 रुपये परत आले, ‘सदिच्छा म्हणून’, पावतीशिवाय, आणि सोबत ग्रुपवरचा फोटो काढून टाकण्याची विनंती. फोटो तिथेच आहे. बाकीच्या 2,950 साठी मी ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते. आपल्या उपनगरांचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. त्या बसमधल्या ज्या आयांनी मला ‘बरं केलंस’ म्हटलं होतं, त्यांची मुदत 3 नोव्हेंबर 2026 ला संपते. पासचे फोटो माझ्याकडे आहेत, मागा, पाठवते.