निवडुंगातील बिऱ्हाड

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहराच्या सभोवार सोनोरा वाळवंट पसरले आहे. वाळवंट म्हटले की वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढे येतात. सोनोराचे रूप निराळे आहे. तेथे हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या अखेरीस थोडा पाऊस पडतो, आणि देवळापुढील दीपमाळेसारखे उंच सवारो निवडुंग दूरवर उभे दिसतात. त्यांच्या खोडावर पेटीच्या भात्यासारख्या घड्या असतात. पाऊस पडला की त्या उलगडतात व खोड पाण्याने फुगते.

मे महिन्यातील एका पहाटे पाचसहा पक्षिप्रेमी दुर्बिणी घेऊन तेथे आले. त्यांच्याबरोबर एक वृद्ध वाटाड्या होता. त्याने बोटाने खूण करताच सर्वजण थबकले. एका सवारोच्या खोडातील वाटोळ्या भोकातून हीला सुतारपक्षी डोकावत होता.

"झाडाला इजा होत नाही का?" एका मुलीने विचारले.

"होते तर! पण झाड आपली जखम आपणच बांधते. भोकाच्या आत कठीण कवच तयार होते. ते वाळेपर्यंत सुतारपक्षी कित्येक महिने थांबतो. ओल्या घरात तो राहावयास जात नाही. पुढे त्याने घर सोडले, की तेथे एल्फ घुबडाचे बिऱ्हाड येते."

हे जगातील सर्वांत हलके घुबड. त्याचे वजन अवघे ४० ग्रॅमच्या आसपास भरते. त्याला स्वतः भोक कोरता येत नाही. म्हणून सुतारपक्ष्याचे जुने घर हाच त्याचा आसरा.

ऊन तापू लागले, तेव्हा मंडळी मोटारीने दक्षिणेकडील सांता रीटा पर्वतातील मदेरा दरीकडे निघाली. तासाभरात निवडुंग मागे पडले. ओढ्याकाठी ओक आणि पांढऱ्या सालीचे सायकॅमोर वृक्ष दिसू लागले. पानांतून घोगरी हाक आली. हिरवी पाठ, तांबडे पोट आणि पिवळी चोच असलेला ट्रोगॉन फांदीवर ताठ बसला होता! आपल्या सह्याद्रीतील कर्णा पक्षी याच्याच कुळातला. हा ट्रोगॉनही बहुधा सुतारपक्ष्यांनी सोडलेल्या ढोलीतच अंडी घालतो.

परतताना वाटाड्याने रस्त्याच्या कडेचे वाळके गवत दाखविले. महाराष्ट्रात ज्याला अंजन म्हणतात, तेच हे. आपल्याकडे ते गुरांचा उत्तम चारा. ॲरिझोनातही १९३० नंतरच्या काळात ते चाऱ्यासाठीच आणले गेले. पण तेथे ते रानोमाळ पसरले. पूर्वी झाडाझुडपांमध्ये मोकळी जमीन असे, त्यामुळे वणवा फार पसरत नसे. आता हे गवत आग एका निवडुंगापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचविते, आणि सवारोला आग सोसत नाही.

"सवारोला पहिली फांदी फुटावयास पुष्कळदा ५० वर्षांहून अधिक काळ लागतो," वाटाड्या म्हणाला, "आणि जळावयास एक दुपार पुरते."

मुलगी काही बोलली नाही. तिने वाकून गवताचा एक झुबका मुळासकट उपटला, मग दुसरा. वाटाड्याने पिशवी उघडून पुढे धरली.

अंधार पडू लागला होता. समोरच्या निवडुंगाच्या भोकात दोन पिवळे डोळे चमकले.