मोटारीच्या शीतयंत्राचा संपीडक : गळती व दुरुस्ती

घरातील शीतकपाटाचा संपीडक आणि मोटारीतील संपीडक यांचे कार्य एकच असले, तरी त्यांच्या रचनेत एक महत्त्वाचा भेद आहे. शीतकपाटात विजेची मोटर व संपीडक एकाच पोलादी कवचात कायमचे बंदिस्त असतात. मोटारीतील संपीडक, ज्याला कारागीर 'कॉम्प्रेसर' म्हणतात, तो बहुधा एंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. त्यामुळे त्याचा दांडा कवचाबाहेर काढावाच लागतो. हा फिरता दांडा जेथून बाहेर येतो तेथेच शीतकाला निसटण्यास वाट मिळते. ही वाट 'सील' अडवते. कित्येक संपीडकांत कार्बनचे गुळगुळीत कडे दुसऱ्या तशाच कड्यावर टेकून फिरते व दोहोंमधील तेलाचा सूक्ष्म थर गळती रोखतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की हा थर सुकतो. म्हणून न वापरलेले यंत्रही गळू लागते.

जुन्या गाडीसाठी चेन्नईतील मनुष्य पुदुपेटच्या सुट्या भागांच्या बाजाराची वाट धरतो. परंतु तेथे उघड्या तोंडाने पडून राहिलेला संपीडक घेण्यापेक्षा आपलाच खोलणे पुष्कळदा श्रेयस्कर ठरते. चेन्नईची हवा समुद्राची, दमट. आर-१३४ए या शीतकाबरोबर वापरले जाणारे 'पॅग' तेल हवेतील ओलावा झपाट्याने शोषते, आणि ओलावा आत शिरला की धातू गंजतो. तेव्हा तेलाचा डबा वापरण्याच्या क्षणीच उघडावा.

खोलण्यापूर्वी शीतक यंत्राद्वारे काढून घ्यावे लागते. हे काम मात्र घरी करण्याजोगे नव्हे. द्रवरूप आर-१३४ए उणे २६ अंश सेल्सिअसला उकळते व त्वचा आणि डोळे गोठवू शकते. शिवाय ते हवेत सोडणे वातावरणास घातक आहे.

जुने तेल मापून घ्यावे व निरखून पाहावे. त्यात धातूची चमकती कणी दिसली, तर नवे सील बसवणे व्यर्थ होय. दट्टे किंवा बेअरिंग झिजलेले असतात. दांड्यावर ओरखडा असल्यासही तोच निर्णय घ्यावा. नव्या कड्याच्या घासणाऱ्या पृष्ठास बोट लावू नये. रबरी कडी त्याच यंत्राच्या तेलात भिजवून बसवावीत. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर क्रमाक्रमाने बंद झालेल्या आर-१२ वरील संपीडकांत खनिज तेल असे. त्यांतील जुनी कडी आर-१३४ए साठी बदलणेच योग्य.

जोडणीनंतर गळती कोरड्या नायट्रोजनाच्या दाबाने व साबणाच्या पाण्याने तपासावी. ऑक्सिजन कदापि वापरू नये, कारण तेलाशी त्याचा स्फोट होऊ शकतो. मग यंत्रणा निर्वात करावी. ३० अंश तापमानाला पाणी सुमारे ३२ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाखाली उकळते. म्हणून पंपाने दाब त्याहून बराच खाली नेऊन, आत राहिलेला ओलावा वाफ होऊन निघून जाईपर्यंत तो तेथेच राखावा लागतो. शीतक भरल्यावर, एंजिन सुरू करण्यापूर्वी, दांडा हाताने दहा-बारा वेळा फिरवावा, म्हणजे तेल नव्या सीलपर्यंत पोहोचते.