पोराला कॉलेजात घालू का तुमच्या दुकानात?

देवगाव रंगारीत माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. बारावीचा निकाल लागला की जळालेल्या मोटारींबरोबर आईबापही दुकानात येतात. "भाऊ, डिग्रीनं आता काय होतं? पोराला तुमच्याच हाताखाली घ्या." मी कॉलेजात गेलो नाही. दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड केला, वाळूजच्या एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून राहिलो आणि गावात परतून दुकान टाकलं. घर त्यावरच चालतं. त्यामुळे मी डिग्रीच्या विरोधात बोलेन, असं लोकांनी धरलेलंच असतं. इतक्या वर्षांत जे पाहिलं, त्यावरून मला तसं बोलता येत नाही.

१. डिग्रीशिवाय उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायाखाली काय होतं, ते आधी बघावं.

माझ्या पायाखाली वडिलांची रस्त्यालगतची जागा होती, म्हणून भाडं नव्हतं. घरची बाजरी, घरचा गहू होता. आमच्या कन्नड तालुक्यात मोटार जळते ऐन पाण्याच्या दिवसांत, आणि पैसे येतात कापूस किंवा मका विकल्यावर. तोवर तांब्याची तार, वार्निश, बेअरिंग सगळं माझ्या पदरचं. ही उधारी मी सोसू शकलो, कारण महिन्याच्या महिन्याला घरात रोकड आलीच पाहिजे अशी वेळ माझ्यावर नव्हती. माझ्याइतकाच हात चालणारा, पण बिनजमिनीचा एक सोबती भाड्याच्या गाळ्यात बसला. दोन हंगामांतच त्याचं दुकान बंद पडलं. कामात तो माझ्यापेक्षा उजवा होता.

मोठ्या उदाहरणांतही मी हेच शोधतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गावठी बियाण्यांचं त्यांचं ज्ञान कोणत्याही विद्यापीठानं मान लववावी असं आहे. पण त्यांच्या बियाणे बँकेमागे बायफसारखी संस्था उभी राहिली, हेही सांगितलं पाहिजे. ज्याच्यामागे जमीन नाही, दुकान नाही, संस्था नाही, ओळखीचा मामा नाही, त्याला "डिग्रीत काही नाही" असं सांगताना माझी जीभ अडखळते. त्याला दुसरं भांडवल कुठून आणायचं?

२. काही कामांत कागद कायदाच मागतो. तिथे हुशारी दाखवून उपयोग नाही.

आपल्या बाजारपेठेतलीच दुकानं बघा. मेडिकल टाकायचं तर नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. १९४८ च्या फार्मसी कायद्यापासून हे चालत आलंय. कृषी सेवा केंद्रात औषधं विकायची तर कृषी, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र अशा विषयांची पदवी किंवा कृषी पदविका लागते. कपाशीवरची बोंडअळी बघताच ओळखणारे जुने दुकानदार हा नियम आल्यावर अडचणीत आले. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेनं आखलेला वर्षभराचा 'देसी' पदविका अभ्यासक्रम त्यांच्यासाठीच. आठवड्यातून एक दिवस वर्ग असतो. पांढऱ्या केसांची माणसं वही घेऊन तिथे बसतात, याचा मला फार आदर वाटतो.

दुकान एकाचं आणि भिंतीवरचं प्रमाणपत्र दुसऱ्याचं, हा प्रकार मात्र मला सहन होत नाही. कागद भाड्यानं देणारा पोरगा घरी बसतो, आणि आजारी माणसाला किंवा शेतकऱ्याला औषध कोण देतं, तर ज्याला त्यातलं काही शिकवलेलं नाही तो. डिग्रीची यापेक्षा मोठी विटंबना नाही.

उलटही घडतं. ट्रक-टेम्पोच्या परवान्यासाठी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये निघाली. पोलीस शिपायाला बारावी पुरते, तलाठ्याला पदवी लागते. पोरगा नेमकं काय करणार आहे, हे आधी विचारावं. बहुतेक घरांत हा प्रश्न प्रवेश झाल्यावर निघतो.

३. आयटीआयला कमी लेखू नये.

बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि आमच्या भागातल्या पोरांना फिटर, टर्नर, वेल्डर या शब्दांचा अर्थ कळला. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत २०२४ साली सरकारनं विद्यावेतन ठरवलं ते असं: बारावी पासला महिन्याला ६,००० रुपये, आयटीआय आणि डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००. कागदावर पदवी वरचढ. पण दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. हे सांगणारं घरात कुणी नसतं, म्हणून मी दुकानात सांगतो.

४. नुसतं थांबून राहण्यासाठी घेतलेली डिग्री सगळ्यात महाग पडते.

फी कमी असते, वयाची वर्षं जातात. बी.ए.ला नाव घालायचं, वर्गात जायचं नाही, आणि शहरात औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत खुर्ची धरून भरतीची वाट बघायची. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. पोरं आळशी नाहीत, दिवसाचे बारा तास वाचतात. तिशी उलटल्यावर त्यांच्याकडे इतिहासाची, राज्यघटनेची चांगली माहिती असते. पण तिच्यासाठी पगार देणारं कुणी नसतं. डी.एड.चंही असंच झालं. एके काळी बारावीनंतर दोन वर्षं केली की मास्तरकी पक्की, म्हणून घराघरांतून पोरंपोरी डी.एड.ला गेली. कॉलेजं वाढत गेली, भरती मात्र वर्षानुवर्षं थांबली, आणि २०१३ पासून वर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली. त्या पिढीच्या मनात जो कडवटपणा आहे, तो मला रास्त वाटतो. "डिग्रीनं काय होतं" हे वाक्य मुळात त्यांचं आहे, आणि ते बोलायचा हक्कही त्यांचाच.

५. मुलीच्या बाबतीत मी विचारायलाही थांबत नाही. कॉलेज.

बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट असतो. पुढे पास संपतो आणि घरात स्थळांची बोलणी सुरू होतात. "तिचं कॉलेज चालू आहे" या एका वाक्यानं तीन वर्षं पाहुणे दाराबाहेर राहतात. त्या तीन वर्षांत मुलगी एकटीनं प्रवास करते, बँकेत जाते, नाही म्हणायला शिकते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. पोराला गावात टपरी टाकून देणारे बाप आहेत. पोरीला टपरी टाकून देणारा बाप मला अजून भेटलेला नाही. शेत भावाच्या नावावर, दुकान भावाच्या नावावर. तिच्या नावावर राहील असं एकच काही असतं, आणि ते म्हणजे तिची पदवी.

६. मराठवाड्यात पदवी स्वस्तात आलेली नाही.

१९५८ साली विद्यापीठ झालं, त्याआधी इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाखाली होती. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. ज्यांना गावात पाणवठ्यावर येऊ देत नव्हते, त्यांची मुलं तिथून वकील, प्राध्यापक, अधिकारी होऊन बाहेर पडली. जमीन दुसऱ्याची, दुकान दुसऱ्याचं, पतही दुसऱ्याची असताना त्यांना पुढे जायला हाच एक रस्ता मोकळा होता. चार एकर बागायत आणि अद्रकाचं पीक हाताशी असलेला माणूस पारावर बसून "शिकून कुणाचं भलं झालं" म्हणतो, तेव्हा मी त्याला मिलिंदचं नाव सांगतो.

७. हाताच्या कामालाही पुस्तक लागतं, आणि यापुढे जास्त लागेल.

एक फेज गेल्यावर मोटार चालू राहिली तर स्टार जोडणीत दोन फेजच्या कॉइल काळ्या पडतात आणि एक चांगली राहते. डेल्टात एक जळते, दोन राहतात. नुसतं बघून शिकलेला कारागीर तार बदलून देतो. ज्याला हे का होतं ते कळलंय, तो शेतकऱ्याला फेज गेली की मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर बसवायला लावतो आणि तीच मोटार पुन्हा जळण्यापासून वाचवतो. आता 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून शेतात पॅनल उभे राहतायत. त्यांचा कंट्रोलर हातोडी-पान्यानं उघडून भागत नाही. सर्किट वाचता आलं पाहिजे. माझ्या हातातलं कसब पुढच्या दहा-पंधरा वर्षांत किती उरेल, याची मला काळजी आहे.

म्हणून हाताखाली येणाऱ्या पोराला मी एक अट घालतो. डिप्लोमाला लाग, नाहीतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भर. काम करत शिकणाऱ्यांसाठी ते १९८९ पासून चालू आहे. परीक्षेच्या दिवसांत सुट्टी मिळेल, पगार कापला जाणार नाही. सध्याचा पोरगा दुसऱ्या वर्षाला आहे. गव्हाच्या पाण्याच्या दिवसांतच त्याचा पेपर आला, तर शेतकऱ्यांना दोन दिवस थांबावं लागतं. ते कुरकुरतात, पण थांबतात.