इथिओपियातले भारतीय ‘टीचर’

प्रश्न : माझा मावसभाऊ नुकताच कामानिमित्त इथिओपियाला जाऊन आला. अदिस अबाबात भेटलेले साठी-सत्तरीतले लोक त्याला आवर्जून सांगत, ‘आम्हाला गणित शिकवायला भारतीय शिक्षक होते.’ एका टॅक्सीवाल्यानं तर त्याला थेट ‘टीचर’ अशीच हाक मारली. भारतातून एवढे शिक्षक तिथं कधी आणि का गेले? त्यांना तिथलं आयुष्य मानवलं का? मी स्वतः शिक्षिका आहे, म्हणून उत्सुकता जास्त.
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या भावाला भेटलेली ती माणसं शाळेत होती तेव्हा इथिओपियाच्या माध्यमिक शाळांमध्ये गणित, विज्ञान आणि इंग्रजी शिकवणाऱ्यांत भारतीयांची संख्या मोठी होती. हे शिक्षक १९४०च्या दशकापासून तिथं जाऊ लागले आणि १९७०च्या दशकापर्यंत जात राहिले. कारण शोधायचं तर १९३६ पर्यंत मागं जावं लागतं. त्या वर्षी मुसोलिनीच्या इटलीनं इथिओपिया बळकावला. फेब्रुवारी १९३७ मध्ये अदिस अबाबात इटालियन अधिकाऱ्यावर हल्ला झाला आणि त्याचा सूड म्हणून हजारो लोक मारले गेले. शिकलेले तरुण तर वेचून मारले गेले. १९४१ मध्ये देश मुक्त झाला. सम्राट हैले सेलासी परतले, तेव्हा शाळा काढायच्या तर शिकवणार कोण, हाच पहिला प्रश्न होता. सम्राटांनी शिक्षण खातं अनेक वर्षं स्वतःकडे ठेवलं, यावरून त्यांना या कामाचं किती महत्त्व वाटत होतं ते कळतं. माध्यमिक शिक्षणाचं माध्यम इंग्रजी ठरलं आणि शिक्षक बाहेरून बोलावले गेले. कॅनडाचे जेझुइट आले, ब्रिटिश आले, १९६२ पासून अमेरिकेच्या पीस कोअरचे तरुण स्वयंसेवक आले. आणि भारतीय आले. पदवी, इंग्रजी, शिकवण्याचा अनुभव आणि लहान गावात राहायची तयारी हे सगळं त्यांच्याकडे एकत्र होतं.

यातले बहुसंख्य केरळचे. केरळात याबद्दल एक गोष्ट सांगतात. १९५६ च्या भारतभेटीत सम्राटांनी सकाळी शाळेत निघालेल्या मुलांचे थवे पाहिले आणि शिक्षक न्यायचे ते इथूनच, असं ठरवलं. गोष्ट गोड आहे, पण शिक्षकांची वाट त्याआधीच सुरू झाली होती. पुढे पौलोस मार ग्रेगोरियोस या नावानं ख्रिस्ती धर्मचिंतक म्हणून जगभर ओळखले गेलेले पॉल वर्गीस १९४७ मध्येच इथिओपियात शिक्षक म्हणून गेले होते. तिथं ते अम्हारिक भाषा शिकले आणि काही वर्षांनी थेट सम्राटांच्या सल्लागारांत पोचले. केरळचं आणि इथिओपियाचं ऑर्थोडॉक्स चर्च एकाच प्राचीन परंपरेतलं, त्यामुळे केरळी ख्रिस्ती शिक्षकांना तिथं निदान प्रार्थनेपुरतं तरी परकं वाटत नव्हतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मानवलं का? आधी सुखाची बाजू सांगतो. मुंबईहून बोटीनं एडन, मग जिबुती आणि तिथून रेल्वेनं अदिस अबाबा, असा जुना मार्ग. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटर उंचावर, हवा बारमाही थंड. पगार भारतातल्यापेक्षा चांगला, घरी पैसे पाठवता येतील इतका. शिक्षकाला मान तर फार मोठा. मुलं वाकून नमस्कार करत आणि ‘टीचर’ म्हणून पुढं नाव जोडत. या नावाचीही गंमत आहे. इथिओपियात आडनाव नसतं. स्वतःचं नाव आणि त्यापुढे वडिलांचं नाव, एवढंच. महाराष्ट्रातून कुणी गेलं की त्याच्या नावाचे पहिले दोन भाग तिथल्या रीतीत नेमके बसत, आणि शिल्लक आडनावाचं काय करायचं हे शाळेच्या कारकुनाला उमगत नसे.

जेवणाचं म्हणाल, तर शाकाहारी माणसाला हा देश अनपेक्षितपणे सोयीचा आहे. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात. ईस्टरपूर्वी तर सलग ५५ दिवस. उपासात मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य. त्यामुळे मसुराची आमटी, पालेभाज्या आणि ‘शिरो’ कुठंही मिळतात. हा शिरो म्हणजे डाळीच्या पिठाचं, आपल्या पिठल्यासारखंच कालवण. घरी मात्र वेगळी अडचण. त्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ तासन् तास शिजत नाही. प्रेशर कुकरवाचून इलाज नाही.

घड्याळ आणि दिनदर्शिकाही नव्यानं शिकावी लागे. तिथं दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपल्या सकाळी सातला त्यांचा एक वाजतो. वर्षाचे महिने १३, त्यातले १२ महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. नवं वर्ष ११ सप्टेंबरच्या सुमारास, पावसाळा सरताना सुरू होतं आणि शाळाही त्याच सुमारास उघडतात.

खरी कसोटी वर्गात लागे. मुलं सहावीपर्यंत अम्हारिकमधून शिकत आणि सातवीत एकदम सगळे विषय इंग्रजीत येत. मुलाला बेरीज कळते, पण प्रश्नाचं वाक्य कळत नाही, हा अनुभव तुम्हालाही असेल. त्यातून एकाच वर्गात कुणी बारा वर्षांचा, तर कुणी विशीला टेकलेला. कैक मैल चालून शाळेच्या गावी येऊन तिथं खोली घेऊन राहिलेली मुलं. अशा मुलांना भूमिती शिकवायची म्हणजे आधी तिची इंग्रजी शिकवायची. ज्यांनी हे चिकाटीनं केलं, त्यांची नावं आज पन्नास-साठ वर्षांनीही लोक घेतात.

दुःखाची बाजू करारात होती. नोकरी ठराविक वर्षांची, मुदत संपली की नूतनीकरणाची वाट पाहायची. वीस वर्षं राहिलं तरी माणूस पाहुणाच. लहान गावात दुसरं भारतीय घर नसे. घरी कुणी वारलं तर पत्र पोचेपर्यंत तेराव्याचेही दिवस उलटून जात. आणि मुलं मोठी झाली की त्यांच्या कॉलेजसाठी भारतात पाठवायचं की तिथंच ठेवायचं, हा पेच प्रत्येक घरात उभा राहायचा. प्रसिद्ध डॉक्टर-लेखक अब्राहम वर्गीस यांचा जन्म १९५५ चा, अदिस अबाबातला, असेच केरळी शिक्षक आई-वडील. ते तिथं वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच देश उलथापालथीत सापडला, शिक्षण मध्येच तुटलं आणि पुढे मद्रासला येऊन त्यांना डॉक्टर व्हावं लागलं. जन्मभूमी असूनही ती आपली म्हणता येत नाही, हा अनुभव शिक्षकांच्या पुढच्या पिढीच्या वाट्याला असा आला.

ती उलथापालथ म्हणजे १९७४ ची क्रांती. सैन्याच्या ‘दर्ग’ नावाच्या समितीनं सम्राटांना पदच्युत केलं. विद्यापीठ आणि माध्यमिक शाळांचे वरचे वर्ग बंद करून सुमारे ६०,००० विद्यार्थी-शिक्षकांना खेड्यांत क्रांतिकार्याला धाडलं गेलं. १९७७-७८ च्या, दर्गनं माजवलेल्या ‘लाल दहशती’त असंख्य तरुण मारले गेले, आणि त्यात शाळा-कॉलेजची मुलं फार होती. काल ज्याची वही तपासली तो आज बाकावर नाही, हे शिक्षकाला सोसणं किती कठीण, तुम्ही जाणताच. त्याच काळात सोमालियाशी युद्ध पेटलं आणि हरार शहराला वेढा पडला. भारतीय सेनाधिकाऱ्यांनी उभारलेली लष्करी अकादमी याच शहरात होती. या वर्षांत अनेक भारतीय शिक्षक परतले, काही झांबिया किंवा नायजेरियाकडे वळले आणि नवा करार, नवी शाळा असं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

२००० नंतर इथिओपियानं झपाट्यानं नवी विद्यापीठं काढली, तेव्हा भारतीय प्राध्यापक पुन्हा गेले. जिम्मा, बाहिर दार, मेकेले अशा शहरांत त्यांनी अभियांत्रिकीपासून व्यवस्थापनापर्यंत सगळं शिकवलं. त्यांचीही सुखदुःखं ओळखीचीच. विद्यार्थ्यांचं प्रेम तेच, आणि डॉलरच्या टंचाईत पगार मायदेशी कसा पाठवायचा ही चिंताही आलीच. नोव्हेंबर २०२० मध्ये तिग्राय प्रांतात युद्ध सुरू झालं आणि तिथल्या मेकेलेत फोन, बँका सगळं ठप्प झालं. घरच्यांनी ते दिवस कसे काढले असतील!

मला या सगळ्याचा अर्थ असा लागतो. परदेशात शिकवणाऱ्याला आनंद मिळतो तो विद्यार्थ्यांकडून आणि घोर लागतो तो सरकारी कागदाचा. ज्या देशाला शिक्षक कमी पडतात तोच देश त्याला बोलावतो, म्हणून तो जितकं चांगलं शिकवेल तितकी त्याची गरज लवकर संपते. इथिओपियात तेच झालं. भारतीयांच्या हाताखाली शिकलेली मुलं पुढे स्वतः शिक्षक झाली आणि आज तिथल्या माध्यमिक वर्गांत इथिओपियाचेच शिक्षक उभे आहेत. यात त्या शिक्षकांची नोकरी गेली, पण ज्या कामासाठी ते गेले होते ते पूर्ण झालं. मानवलं का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर म्हणून ‘हो’ असंच आहे. मात्र त्याची किंमत त्यांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी मोजली, हेही त्याबरोबर सांगायला हवं.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून एक विनंती. १९६०-७०च्या दशकांत आफ्रिकेत शिकवून आलेले शिक्षक आता ऐंशी-नव्वदीत आहेत. तुमच्या ओळखीत, जुन्या सहकाऱ्यांच्या घरात असं कुणी असेल तर त्यांच्याशी बोला, आठवणी लिहून घ्या, फोटोंच्या मागं नावं टाका. केरळच्या शिक्षकांची हकीकत थोडीफार लिहिली गेली आहे. मराठी घरांतून गेलेल्यांची हकीकत बहुतेक त्यांच्याच तोंडी आहे, आणि ती टिपून ठेवण्याचं काम आपणच करायला हवं.