बुरशीने मेलेली अळी

शास्त्रवाचन : लूक १३:१-५, योहान ९:१-३

शब्बाथ शाळेच्या शिक्षक बंधुभगिनींनो, पावसाळ्यात आमच्या बुऱ्हाणपूरकडे सोयाबीनच्या पानावर पांढरीफटक, काडीसारखी कडक झालेली अळी कधी कधी चिकटलेली दिसते. एका रविवारी एका मुलाने असे पान वर्गात आणले. योएलाचा पहिला अध्याय चालू होता. मी लगेच म्हणालो, "पाहा, पीक खाणाऱ्याला देवाने शिक्षा केली." नुकतेच वडील वारलेली एक मुलगी पुढेच बसली होती. तिने विचारले, "सर, अळीनं काय पाप केलं होतं?" मला उत्तर सुचले नाही.

नंतर माहिती काढली. ही बुरशी नोमुरिया रिलाई. शास्त्रज्ञ आता तिला मेटारायझियम रिलाई म्हणतात. तिचे कण अळीच्या पोटात जावे लागत नाहीत. दमट हवेत अंगावर पडलेला कण रुजतो, कातडी विरघळवून आत शिरतो आणि रक्तात वाढतो. काही दिवसांत अळी मरते. मग बुरशी अंगातून बाहेर फुटते. आधी पांढरी दिसते, पुढे तिच्यावर फिकट हिरवी भुकटी धरते.

अशीच दुसरी बुरशी ब्युव्हेरिया बॅसियाना. ती दुकानात विकत मिळते. शेतकरी ती संध्याकाळी फवारतात, कारण कडक उन्हात तिचे कण टिकत नाहीत. आगोस्तिनो बासी या इटालियन गृहस्थावरून तिला हे नाव पडले. त्याच्या देशात रेशमाचे किडे पांढरे पडून मरत. रोग आपोआप उपजतो, असे लोक मानीत. सुमारे २५ वर्षे खटपट करून १८३५ साली बासीने दाखवून दिले की, हा रोग एका सूक्ष्म बुरशीचा असून एका किड्यापासून दुसऱ्याला लागतो. म्हणूनच तुतीच्या मळ्याजवळ ही बुरशी फवारू नये.

म्हणजे जी कापूसवाल्याच्या उपयोगाची, तीच रेशीमवाल्याचा घात करणारी! रेशमाच्या किड्याने तर कोणाचे पीक खाल्ले नव्हते. मग माझी 'शिक्षा' कोठे राहिली? शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती, हे प्रभूने साफ नाकारले. (पश्चात्तापाचा इशारा त्याने ऐकणाऱ्या जिवंतांना दिला, शिकवताना हे आपल्याकडून नेहमी सुटते.) जन्मांधाविषयी शिष्यांनी काढलेला तर्कही त्याने मान्य केला नाही.

पुढच्या रविवारी मी वर्गासमोर माझे वाक्य मागे घेतले. मुलीला म्हणालो, "अळीनं काही पाप केलं नव्हतं."

ती जरा थांबून म्हणाली, "आणि बाबांनी?"

मी लूकाचा तेरावा अध्याय काढून शास्त्र तिच्याच हाती वाचायला दिले.