यॉर्कशायर टेरिअर : स्वभाव आणि पाळण्यायोग्यता

रेशमासारख्या लांब केसांमुळे यॉर्कशायर टेरिअर हा केवळ शोभेचा कुत्रा असावा, असा अनेकांचा समज होतो. ह्या जातीचा पूर्वेतिहास मात्र कष्टाचा आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधून कामाच्या शोधात उत्तर इंग्लंडात आलेल्या विणकरांनी आपल्याबरोबर लहान टेरिअर कुत्रे आणले व त्यांच्या संकरातून ही जात घडली. गिरण्यांतील आणि घरांतील उंदीर मारणे हे तिचे काम होते. १८६५ साली जन्मलेला ‘हडर्सफील्ड बेन’ हा ह्या जातीचा मूळपुरुष मानला जातो.

पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याचे वजन सुमारे ३ किलोग्रॅम भरते. वृत्ती मात्र शिकाऱ्याचीच राहते. तो धीट, सावध व काहीसा हट्टी असतो. परक्याची चाहूल लागताच तो भुंकतो आणि प्रसंगी आपल्याहून मोठ्या कुत्र्यावरही धावून जातो. म्हणून त्याला लहानपणापासूनच शिस्त लावणे आवश्यक ठरते.

लहानशा घरात तो सुखाने राहतो. रोजचे थोडे फिरणे त्याला पुरते. तथापि त्याचे केस नित्य विंचरावे लागतात व दात स्वच्छ ठेवावे लागतात. श्वासनलिका नाजूक असल्याने गळपट्ट्याऐवजी छातीभोवतीचा पट्टा वापरणे हितावह असते. त्याची हाडेही बारीक असतात. कडेवरून पडल्यास पाय मोडण्याचा संभव असतो. त्यामुळे अगदी लहान मुले असलेल्या घरास ही जात सहसा मानवत नाही. १२ ते १५ वर्षे ही निगा राखण्याची ज्याची तयारी असेल, त्यानेच हा कुत्रा पाळावा.