दोन किल्ल्यांचे तत्त्व : ग्रामीण संस्थांच्या मालमत्तेचे संरक्षण

महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थजीवनात विविध कार्यकारी सोसायटी, दूध उत्पादक संस्था, पतसंस्था, खते-बियाण्यांची विक्रीकेंद्रे आणि धान्याची गोदामे यांना महत्त्वाचे स्थान आहे. या संस्थांचा व्यवहार आकाराने लहान असला, तरी त्यात अनेक कुटुंबांची पुंजी गुंतलेली असते. मोठ्या व्यापारी पेढीत चोरी झाल्यास तिची झळ बहुधा मालकाला आणि विमा कंपनीला पोचते. गावच्या दूध संस्थेची रोकड गेली, तर उत्पादकांचे दुधाचे पैसे थकतात, पशुखाद्याची उधारी वाढते आणि संस्थेवरील विश्वासही डळमळीत होतो. मालमत्तेच्या संरक्षणाचा प्रश्न म्हणूनच संस्थेच्या अस्तित्वाचा प्रश्न ठरतो.

या संदर्भात एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर नेण्यात आली. सहकारी पतसंस्थांतील ठेवींना मात्र हा विमा लागू नाही. म्हणून पतसंस्थेत दक्षतेचे महत्त्व बँकेपेक्षाही अधिक आहे.

धोक्याच्या तीन वाटा

संस्थेच्या मालमत्तेला होणारा उपद्रव तीन वाटांनी येतो. पहिली वाट बाहेरून येणाऱ्या चोराची, म्हणजे घरफोडीची. दुसरी वाट आतल्या माणसाची, म्हणजे अपहाराची. तिसरी वाट संगणक आणि भ्रमणध्वनी यांच्या मार्गाने होणाऱ्या फसवणुकीची. सर्वसाधारणपणे संस्थांचे लक्ष पहिल्या वाटेवर केंद्रित झालेले असते. दाराला मोठे कुलूप लावले, रखवालदार नेमला की काम संपले, असा समज असतो. वस्तुतः कुलूप तोडून होणारी हानी एका रात्रीत उघडकीस येते. अपहार मात्र वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त राजकोषातील अपहाराचे चाळीस प्रकार नोंदविले आहेत. यावरून हा प्रश्न किती पुरातन आहे, हे दिसून येते.

या तिन्ही वाटांवर उपयोगी पडणारे एकच सूत्र आहे. कोणताही महत्त्वाचा व्यवहार आरंभापासून शेवटपर्यंत एकाच हाती राहता कामा नये. तिजोरीला दोन किल्ल्या असाव्यात आणि त्या दोन व्यक्तींजवळ असाव्यात, ही जुनी पद्धत याच सूत्रावर आधारलेली आहे.

तिजोरी आणि गोदाम

घरफोडीपासून बचावाचा पहिला उपाय म्हणजे चोराला मिळण्याजोगी रोकडच कमी ठेवणे. संस्थेने रात्री किती रक्कम हाती ठेवावी, याची मर्यादा व्यवस्थापन समितीने ठराव करून निश्चित करावी आणि त्यावरील रक्कम त्याच दिवशी बँकेत भरावी. रक्कम नेण्याची वेळ व मार्ग ठराविक नसावा आणि दोन व्यक्तींनी मिळून ती न्यावी.

तिजोरी भिंतीत व जमिनीत काँक्रीटने पक्की बसविलेली असावी. अलीकडे गॅस कटरच्या साहाय्याने तिजोऱ्या व एटीएम यंत्रे फोडण्याचे प्रकार घडले आहेत. हादरा किंवा उष्णता जाणवताच वाजणारी धोक्याची घंटा अशा वेळी जाड पत्र्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते. कारण तिच्यामुळे चोराला मिळणारा वेळ कमी होतो. कॅमेरे बसविताना चित्रण साठविणारे यंत्र तिजोरीच्याच खोलीत ठेवणे ही नेहमी आढळणारी चूक होय. चोर रोकडीबरोबर ते यंत्रही घेऊन जातात आणि पुरावा नाहीसा होतो. हे यंत्र वेगळ्या, बंदिस्त जागी असावे.

गोदामाच्या बाबतीत कुलपाइतकेच महत्त्व साठा नोंदवहीला आहे. गोणींची थप्पी मोजता येईल अशी रचावी, प्रत्येक थप्पीवर मालाची व आवकेची नोंद असलेले कार्ड लावावे. माल देणारा आणि नोंद करणारा या भिन्न व्यक्ती असाव्यात. साठा मोजणे अशक्य असेल, तर चोरी झाली की नाही, हेदेखील कळत नाही.

रखवालदाराची नेमणूक पूर्वचारित्र्याची पडताळणी करूनच व्हावी. खाजगी सुरक्षा अभिकरणांसंबंधीच्या २००५ च्या केंद्रीय अधिनियमानुसार अशा अभिकरणाला परवाना आवश्यक असून सुरक्षा रक्षकाची पूर्वचारित्र्य पडताळणी व प्रशिक्षण बंधनकारक आहे. राज्यात खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यासाठी १९८१ चा अधिनियम असून त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे कार्य करतात. एकाकी, वयोवृद्ध आणि अल्प वेतनाच्या पहारेकऱ्यावर सारी भिस्त ठेवणे त्याच्या दृष्टीने अन्यायाचे आणि संस्थेच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

रोकड, नोंद आणि मंजुरी

अपहाराला आळा घालण्यासाठी तीन कामे वेगळी ठेवावी लागतात. पैसे हाताळणारा रोखपाल, कीर्द लिहिणारा लेखनिक आणि खर्चास मंजुरी देणारा व्यवस्थापक किंवा सचिव ही तीन माणसे स्वतंत्र असावीत. लहान संस्थेत तीन कर्मचारी नसतात. अशा ठिकाणी समितीच्या एखाद्या सदस्याने आळीपाळीने रोजची शिल्लक मोजून कीर्दीवर सही करावी. हे काम थोड्या वेळात होणारे आहे. परंतु ते नियमित झाले पाहिजे. त्याशिवाय महिन्यातून एकदा तरी पूर्वसूचना न देता शिल्लक तपासावी.

तिजोरीची एक किल्ली रोखपालाकडे व दुसरी व्यवस्थापकाकडे असावी. रजेच्या काळात किल्ली कोणाकडे दिली, याची नोंद किल्ली नोंदवहीत सहीनिशी व्हावी. जादा किल्ल्या मोहोरबंद पाकिटात बँकेत ठेवाव्यात. रोखपाल वर्षानुवर्षे एकही रजा घेत नसेल, तर त्याचे केवळ कौतुक करून थांबू नये. त्याच्या जागी काही दिवस दुसऱ्यास बसवून हिशेब पाहावा. दडविलेली तफावत बहुधा अशाच वेळी उघड होते.

सोने तारण कर्जात दागिन्यांची पारख करणारा आणि कर्ज मंजूर करणारा एकच असू नये. तारण पाकिटांपैकी काही पाकिटे अधूनमधून दुसऱ्या सराफाकडून तपासून घ्यावीत. दैनिक ठेव गोळा करणाऱ्या प्रतिनिधीच्या बाबतीत ठेवीदाराचे पासबुक आणि संस्थेची खतावणी यांचा मेळ ठराविक काळाने समितीने स्वतः घालावा.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये वार्षिक लेखापरीक्षण, दोषदुरुस्ती अहवाल आणि दोषी पदाधिकाऱ्यांकडून नुकसानीची वसुली यांची तरतूद आहे. तथापि लेखापरीक्षण वर्षातून एकदा होते आणि रोकड दररोज हलते. कायद्याची तपासणी ही दैनंदिन दक्षतेची जागा घेऊ शकत नाही.

संगणक हीही तिजोरीच

तिसऱ्या वाटेचे गांभीर्य पुण्यातील एका घटनेने साऱ्या देशाच्या निदर्शनास आणले. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी संगणकीय हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममधून पैसे मागितले जातात, तेव्हा ती मागणी बँकेच्या मध्यवर्ती संगणकाकडे जाते आणि खात्यात रक्कम आहे की नाही, हे पाहून मंजुरी मिळते. हल्लेखोरांनी या दोहोंच्या मध्ये आपली बनावट यंत्रणा घुसविली. मागणी मध्यवर्ती संगणकापर्यंत पोचलीच नाही. बनावट यंत्रणेनेच तिला होकार दिला. बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतून काही तासांत पैसे काढले गेले. त्यानंतर १३ ऑगस्ट रोजी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ आरोपींना दोषी ठरविले.

मागणी करणारा आणि मंजुरी देणारा यांच्यातील अंतर नाहीसे झाले की काय होते, हे या घटनेवरून स्पष्ट होते. गावपातळीवरही हाच धडा लागू पडतो. ग्रामनिधीतील रक्कम सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या संयुक्त सहीने खर्च होते. ई-ग्रामस्वराज प्रणालीत तिचे रूप दोन अंकीय स्वाक्षऱ्यांचे झाले आहे. या दोन्ही स्वाक्षऱ्यांची उपकरणे व त्यांचे परवलीचे शब्द सोयीसाठी एकाच संगणकचालकाच्या स्वाधीन केले, तर संयुक्त सहीचा हेतूच फोल ठरतो. कोरे धनादेश सह्या करून ठेवण्यासारखीच ही गोष्ट होय. परवलीचा शब्द कोणालाही सांगू नये, तो कागदावर लिहून पडद्याला चिकटवू नये आणि कर्मचारी सेवामुक्त होताच त्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा. हिशेबाची एक प्रत संगणकापासून अलग ठेवावी.

घटना घडल्यानंतर

चोरी उघडकीस येताच घटनास्थळी गर्दी होऊ देऊ नये व कोणत्याही वस्तूस स्पर्श करू नये. पोलीस पाटील व पोलीस ठाणे यांस तत्काळ कळवावे. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत वळण्यापूर्वी रोखता येणे, हे तक्रार किती लवकर झाली यावर अवलंबून असते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. इलेक्ट्रॉनिक साधनाने माहिती दिल्यास तीन दिवसांत तीवर सही करावी लागते. कॅमेऱ्याचे चित्रण पुराव्यादाखल देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र आवश्यक असते. भारतीय न्याय संहितेत कर्मचाऱ्याने मालकाच्या मालमत्तेची चोरी केल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. लोकसेवक, बँकर, व्यापारी वा अभिकर्ता या नात्याने सोपविलेल्या मालमत्तेचा विश्वासघात केल्यास आजन्म कारावासापर्यंत शिक्षा होऊ शकते.

घरफोडी, रोकड वाहतूक आणि कर्मचाऱ्यांचा अप्रामाणिकपणा यांपासून होणाऱ्या हानीचा विमा उतरविता येतो. परंतु भरपाई मागताना किती माल व किती रोकड होती, हे वह्यांवरूनच सिद्ध करावे लागते. अद्ययावत नोंदी नसतील, तर विम्याचा हप्ता भरूनही दावा लंगडा पडतो.

गावाचा सहभाग

अपहार प्रकरणांत अनेकदा भिडस्तपणा आड येतो. सचिव आपल्याच गावचा, नात्यातला. त्याच्याकडे हिशेब कसा मागावा, असे सभासदांस वाटते. तपासणी म्हणजे अविश्वास नव्हे, हे पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी लोकांस समजावून दिले पाहिजे. दोन किल्ल्यांची पद्धत प्रामाणिक कर्मचाऱ्याचेही रक्षण करते. शिल्लक कमी भरली, तर संशय एकट्या त्याच्यावर येत नाही. वार्षिक सभेत लेखापरीक्षण अहवाल व दोषदुरुस्ती अहवाल वाचून दाखविण्याचा आग्रह सभासदांनी धरावा. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना पासबुक, पावती व कीर्द वाचावयास शिक्षकांनी शिकवावे, म्हणजे निरक्षर पालकांच्या घरीही हिशेब पाहणारे कोणीतरी तयार होईल.

या उपायांपैकी बहुतेकांना फारसा खर्च लागत नाही. त्यासाठी समितीचा ठराव, दोन नोंदवह्या आणि नियमितपणा एवढीच सामग्री हवी. आगामी मासिक सभेतच प्रत्येक संस्थेने आपल्या किल्ल्या, सह्या आणि परवलीचे शब्द कोणाकोणाच्या हाती आहेत, याची यादी करून पाहिल्यास या कार्याचा आरंभ होईल.